कढई न चढणारी घरं

मला फराळाचा राग नाही, हे आधीच सांगून टाकते. चकली मलाही आवडते. पण भूकंपग्रस्तांसाठी निघालेल्या ट्रकमधून तांदळाची पोती उतरवून तिथे चकलीचे डबे चढवले जाताना मी उघड्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्या दिवसाची गोष्ट गोड करून सांगणं मला जमणार नाही.

भूकंप पश्चिम नेपाळच्या डोंगरांत झाला. दिवाळी तोंडावर आली होती. धक्का दिल्लीलाही बसला. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीतले लोक पायजम्यावर खाली पार्कात जमले, हलणाऱ्या पंख्यांचे व्हिडिओ त्यांनी एकमेकांना दाखवले, बिल्डरला शिव्या घातल्या आणि सगळे परत वर गेले. गेटवर आमचे नेपाळी गार्ड एकटेच उभे होते. 'लिफ्ट चालू करण्याआधी नीट चेक कर,' असं जो तो त्यांना बजावून गेला. जिथे जमीन हादरली तिथेच त्यांचं गाव होतं. त्या क्षणी हे त्यांनाही माहीत नव्हतं.

सोसायटीत त्यांना सगळे 'बहादुर' म्हणत. ते त्यांचं नाव नव्हे. त्यांच्या आधीच्या नेपाळी गार्डालाही बहादुरच म्हणत. माणूस बदलतो, हाक तीच राहते. मी त्यांना भैया म्हणायचे, आणि ते माझ्याहून चांगले दहा वर्षांनी मोठे असूनही मला दीदी म्हणायचे.

मी रेशनच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका लहानशा गटात आहे. कुणाचं नाव यादीतून उडालं, कुणाला धान्य कमी मिळालं, की आम्ही अर्ज करतो, धरणं धरतो, पत्रकं काढतो. पत्रकं लिहून लिहून एक खोड लागते. कुठल्याही प्रश्नात एक गुन्हेगार शोधायचा, पहिल्या दोन परिच्छेदांत लोकांचे हाल सांगायचे आणि तिसऱ्यात त्या गुन्हेगाराला उघडा पाडायचा. तोवर माझं सगळं आयुष्य याच साच्यात नीट बसत होतं.

मदत म्हटलं की लोक आपलं घर आवरायला घेतात, हे आम्हाला अनुभवानं ठाऊक होतं. फाटके स्वेटर, तारीख उलटलेली बिस्किटं, एकाच पायातला बूट. म्हणून आमच्या गटानं ठरवलं की आधी विचारायचं, मग पाठवायचं. विचारायला नेपाळात जायची गरज नव्हती. तो अख्खा डोंगर गाझियाबादच्या गेटांवर उभा होता. भैयांनी त्यांच्या भागातली माणसं सोसायटीमागच्या चहाच्या टपरीवर जमवली. गार्ड, ढाब्यांवरचे स्वयंपाकी, मोमोची गाडी लावणारे. प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि प्रत्येक फोनच्या दुसऱ्या टोकाला एक वाडी. अर्थात नेटवर्क लागलं तर.

त्यांच्या बोलण्यातून चित्र हळूहळू तयार झालं. घरं दगडमातीची, ती जागच्या जागी बसली होती. धान्य माळ्यावर ठेवायची पद्धत, त्यामुळे माळ्यासकट तेही ढिगाऱ्यात गेलं. भांडी चेपलेली. झऱ्याचं पाणी गढूळ. गाडीरस्ता एका बाजारगावापर्यंत होता, पुढे पायी चढण. रस्त्याकडेला बिस्किटांचे आणि नूडल्सचे खोके येऊन पडत होते, वरच्या वाड्यांना काहीच नाही. भैयांचं गाव वर. तिथे त्यांची आई, मोठा भाऊ, वहिनी, बायको आणि मुलं प्लास्टिकच्या कापडाखाली राहत होती.

"सबसे पहले क्या चाहिए?" मी विचारलं.

"चावल."

"और?"

"चावल, दीदी. बाकी वहाँ देख लेंगे."

"आप खुद जाएँगे?"

"छुट्टी माँगी थी. सुपरवायझर बोला, त्योहार में तू भी चला जाएगा तो गेट कौन देखेगा, तेरा भूकंप?"

बाकीचे हसले. भैयाही हसले. मला हसू आलं नाही. त्या सुपरवायझरवर एक अख्खं पत्रक माझ्या डोक्यात तिथल्या तिथे लिहून झालं. पण त्या टपरीवर एक गोष्ट पक्की ठरली होती. रस्त्याकडेला नाही, वर, भैयांच्या गावापर्यंत तांदूळ पोचला पाहिजे.

याच सुमारास मावशीचा फोन आला. मावशी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टरमध्ये राहते. तिचे यजमान केंद्र सरकारात आहेत. तिच्या सासूबाई त्याच उन्हाळ्यात, त्याच क्वार्टरच्या मागच्या खोलीत गेल्या. शेवटची दोन वर्षं मावशीनं त्यांचं सगळं अंथरुणात केलं होतं. त्या भागातल्या मराठी मंडळाचं सगळं तीच बघते. हळदीकुंकू असो की रक्तदान, तिच्याशिवाय पान हलत नाही.

"अगं, तुम्ही नेपाळला काहीतरी पाठवताय म्हणे. आमचंही घ्या."

"काय आहे तुमचं?"

"फराळ."

"मावशी, यार, प्लीज."

"प्लीज काय? तूच म्हणालीस ना ताईला, की तिथे भांडी नाहीत, चुली नाहीत. मग? डबा उघडायचा आणि खायचं. शिजवायला नको, पाणी नको. तुझ्या तांदळाला तर पातेलं लागेल."

तिचा मुद्दा बिनतोड होता, आणि म्हणूनच मी जास्त भडकले. "अगं, पण फराळ? पिकनिकला चाललेत का ते? आपल्याला दिवाळीचं गिल्ट आलं की आपण ते बेसनात घोळून तळतो आणि दुसऱ्याला पाठवतो!"

मग मावशी म्हणाली, "तू दिल्लीत वाढलीस, तुला कोणी सांगितलं नसेल. ज्या घरी कुणी गेलेलं असतं ना, त्या घरी त्या वर्षी दिवाळीला कढई चढत नाही. फराळ करायचा नसतो. मग तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनी न्यायचा असतो. कढई नाही म्हणून त्या घराला दिवाळी नाही असं व्हायला नको. तिथे तर गावंच्या गावं गेली. त्यांच्याकडे कोण नेणार?"

"मावशी, त्यांना तांदूळ हवाय. मी विचारलंय त्यांना. रीतसर."

"हो, तुझं रीतसर आहे. आमचं आपलं रीतीचं," असं म्हणून तिनं फोन ठेवला. मी तो वाद जिंकल्यासारखी बसून राहिले.

ट्रक मिळाला पानिपतहून. तिथल्या एका व्यापाऱ्याची ब्लँकेटं सीमेपर्यंत निघाली होती. अर्धा ट्रक रिकामा जातोय, तुम्ही भरा, भाडं नको, असं तो म्हणाला. धुरामुळे त्या दिवसांत डिझेलच्या ट्रकना दिल्लीत शिरायला बंदी होती, त्यामुळे गाडी बाहेरच्या बाहेर गाझियाबादला येणार आणि आमच्याच सोसायटीच्या गेटवर भरणार असं ठरलं. पुढे सीमेपलीकडे दुसरी गाडी आणि मग पाठीवरून. सोबत आपल्यातलं कुणीतरी हवं होतं. भैयांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. "मैं जाऊँगा. नौकरी जाए तो जाए."

गाडी आली त्या सकाळी समोरची इमारत दिसत नव्हती इतका धूर होता. आम्ही तांदळाची पोती, तेलाचे डबे, मिठाच्या आणि डाळीच्या पिशव्या चढवल्या. जागा जवळजवळ भरत आली होती. मी बिस्लेरीची बाटली आणायला टपरीपर्यंत गेले आणि परत आले तर गेटवर चार गाड्या उभ्या. लक्ष्मीबाई नगर आलं होतं. डिकीतून खोके उतरत होते, प्रत्येकावर मंडळाचं स्टिकर. मंडळाचे सेक्रेटरी ट्रकच्या फाळक्यावर बॅनर बांधत होते. कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणतात. आणि ड्रायव्हर आमची पोती खाली उतरवत होता.

"काका, पोती का उतरवताय?"

"अगं, जागा नको का? पुढच्या खेपेला पाठवू ती."

"पुढची खेप नाहीये!"

"मग याच खेपेला थोडं तुझं, थोडं आमचं. बायकांनी आठवडाभर तळलंय. तांदूळ काय, सरकारपण देतं. मायेनं केलेलं कोण देतं?"

"मायेलाही जागा लागते, काका, आणि ट्रक भरलाय."

"हे बघ, तुमच्या पत्रकातली भाषा इथे नको." ते मावशीकडे वळले. "वहिनी, भाचीला जरा बोलायला शिकवा."

"बोलायला येतं तिला," मावशी म्हणाली, "थांबायला येत नाही. पानिपतच्या गाडीवर मराठी माणसं आपापसांत भांडतायत, लोक हसतील. ड्रायव्हरभाई, रुको जरा. पहले सब लोग कुछ खा लो, फिर लडेंगे."

वाद मिटवायची तिची ही एकच पद्धत आहे, समोर खायला ठेवायचं. तिनं एक खोका फोडला, कागदी बश्यांत चिवडा आणि चकल्या घातल्या. ड्रायव्हरनं उभ्याउभ्या संपवलं आणि आणखी मागितलं. मावशी भैयांकडे गेली. सकाळपासून तेच पोती उचलत होते. त्यांनी दोन्ही हातांनी बशी घेतली, कपाळाला लावली आणि केबिनच्या खिडकीत ठेवून दिली.

"खाओ ना बेटा."

"बाद में, माताजी."

"चाय तो लो. नमकीन के साथ अच्छी लगेगी."

"पानी ठीक है."

मी काकांशी हुज्जत घालत होते. ड्रायव्हर फाळक्यावर पाय हलवत बसला होता. मावशी मात्र तिथून हलली नाही. ती भैयांच्या सुकलेल्या ओठांकडे, मग खिडकीतल्या बशीकडे बघत राहिली. भैया पुढचं पोतं उचलायला वाकले, युनिफॉर्मची टोपी पोत्याला घासून मागे सरली आणि आतलं डोकं दिसलं. तुळतुळीत केलेलं, मागे तेवढी शेंडी. रोज दोनदा मी त्या गेटमधून जात-येत होते. टपरीवर त्यांच्यासमोर तासन् तास बसले होते. टोपीखाली काय आहे हे मी पाहिलं नव्हतं.

"कौन गया?" मावशीनं विचारलं.

भैयांनी टोपी सरळ केली. पोतं खाली ठेवलं.

"बा."

"वडील," मावशी मराठीत स्वतःशीच म्हणाली. "इसी में?"

"उसी में. सोए थे."

काकांचा बॅनर अर्धा बांधून लोंबत राहिला.

"तुम्हारे में कितने दिन?"

"तेरह. बडा भाई बैठा है क्रिया में. मैं यहाँ जितना होता है, करता हूँ."

"नमक?"

"नमक नहीं, तेल नहीं. दिन में एक बार चावल, घी."

"और गाँव में?"

"गाँव तो एक ही है माताजी, सब अपने हैं. जिसके घर में नहीं गया, उसके भाई के घर में गया. नमक तो सबने छोडा हुआ है."

मावशी तिथेच, उतरवलेल्या पोत्यावर मटकन बसली. चांगली साडी, खाली चिखल, कशाचंच तिला भान नव्हतं. "अगं बाई," ती म्हणाली, "त्यांचे तर अजून दिवससुद्धा व्हायचेत. मी आपली वर्षाचा हिशोब धरून बसले. आणि आपण त्यांना खारवलेलं, तळलेलं पाठवतोय! सुतकात!"

कुठे जावं हे माझ्या संतापाला कळेना, म्हणून तो भैयांवरच गेला. "भैया, इतने दिन साथ बैठे, आपने बताया क्यों नहीं?"

"आपने पूछा था किसको क्या चाहिए," ते म्हणाले. "बा को तो अब कुछ नहीं चाहिए था."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, उत्तर देता आलं असतं.

काका पहिले सावरले. "वहिनी, पण चकली टिकते की! महिनाभर टिकते. तेराव्यानंतर खातील."

"सेक्रेटरीसाहेब, तेराव्यापर्यंत काय खातील ते आधी चढवा. ए, सगळ्या या गं, आपले खोके उतरवायचेत."

सहज झालं नाही ते. एक काकू रडायलाच लागल्या. त्यांनी हात पुढे केला. अंगठ्याजवळ तेल उडून फोड आलेला होता. "माझं काय चुकलं? मी मनापासून केलं." मावशीनं तो हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "मनापासूनच केलंस. मीही केलं. पण हा फोड बघून त्यांनी मीठ खायचं का?" काकूंनी नाक पुसलं आणि पहिला खोका स्वतः उतरवला. माझ्या तोंडावर विजय दिसत असावा, कारण मावशी माझ्याकडे वळली. "आणि तू काय उभी आहेस? तुझे तेलाचे डबे कुठे चाललेत? ते काय बिनतेलाचे आहेत?"

आमच्या गटाची यादी कुठल्याही आपत्तीत तीच असते. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, हळद. त्यात कोण जिवंत आहे याचा विचार असतो. कोण गेलं याला जागाच नाही. मी सगळंच उतरवायला निघाले, तर मावशीनंच अडवलं. लहान मुलं, बाळंतिणी, आजारी माणसं यांच्या आड कुठलंही सुतक येत नाही, त्यांच्यापुरतं तेल-मीठ राहू दे, म्हणाली. बाकी जागा तांदळाला गेली. पोती परत चढली. मग मावशी उठली, साडी झटकली आणि म्हणाली, "आता तूप."

"कुठून आणायचं? ड्रायव्हर थांबणार नाही."

"ही एवढी घरं काय रिकामी आहेत? दिवाळी आहे. प्रत्येक घरात तूप आहे."

आणि ती आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरली. पुढचा तासभर मी तिच्या मागून स्टीलचे डबे वाहत होते. याच दारांवर मी कित्येक पत्रकं वाटली आहेत. निम्मी दारं उघडत नाहीत, उघडलेल्यांतली निम्मी 'बेटा, बाहर टेबल पे रख दो' म्हणून बंद होतात. मावशी बेल वाजवायची आणि आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत एवढंच म्हणायची, "बहनजी, घी है? नीचे गेटवाले के पिताजी चले गए, भूकंप में. तेरहवीं तक नमक नहीं खाएँगे वो लोग." बस. पंजाबी घर असो, बिहारी असो, तमिळ असो, कुणाला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. पावती कुणी मागितली नाही. बायका आत जायच्या आणि लाडवांसाठी कढवून ठेवलेलं तूप डब्यासकट आणून द्यायच्या.

पण एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक दारात आला. "कौन, बहादुर? उसके पापा गए? हमें तो किसीने बताया ही नहीं." सांगणार कोण होतं? रोज त्यांचीच गाडी आत-बाहेर करताना भैया सलाम ठोकत होते. माझा राग तिथे पुन्हा पेटला. पण माझे हात तुपाच्या डब्यांनी भरलेले होते, आणि हात भरलेले असले की बोट दाखवता येत नाही.

गाडी निघायच्या वेळी सुपरवायझर मोटरसायकलवरून आला. भैयांनी टॉर्च आणि शिटी त्याच्या हातात दिली. "वापस आएगा तो जगह नहीं मिलेगी," तो म्हणाला. "ठीक है," भैया म्हणाले आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसले. बॅनर तेवढा काकांनी शेवटपर्यंत सोडला नाही. तो सीमेपर्यंत जाऊन आला.

सीमेपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पुढे बाजारगावात गाडी अडवली. तिथल्या प्रशासनानं नियम केला होता की बाहेरून येणारी सगळी मदत एकाच ठिकाणी उतरवायची, तिची सारखी पाकिटं करायची आणि मग सगळ्यांना समान वाटायची. मी फोनवर आरडाओरडा केला. पण खरं सांगायचं तर तो नियम चांगला होता. रस्त्याकडेच्या गावांनी सगळं लुटून नेऊ नये म्हणून केलेला. दिल्लीत असा नियम व्हावा म्हणून आम्ही घसा कोरडा केलाय. फक्त पाकिटं करायला माणसं नव्हती, पिशव्या नव्हत्या, आणि पाकिटात काय घालायचं याचा हुकूम वरून यायचा होता. तांदूळ गोदामात गेला. तुपाचे डबे मात्र भैयांनी 'अपना सामान है' म्हणून सांगितले. त्यांवर कुठलंच स्टिकर नव्हतं. जेवढे पाठीवर मावले तेवढे डोक्याला पट्टा लावून टोपलीतून घेऊन ते वर चढले. त्यानंतर फोन लागेना.

दिवाळीच्या दिवशी आईनं माझ्या हातात डबा दिला. "मावशीकडे देऊन ये. तिच्याकडे कढई चढली नाही या वर्षी." मावशीची सासू उन्हाळ्यात गेली हे मला माहीत होतं. मंडळाच्या हॉलमध्ये आठवडाभर दुसऱ्यांसाठी तळणारी ती बाई स्वतःच्या घरी काही करू शकत नव्हती, हे मात्र मी कधी जोडून पाहिलंच नव्हतं. खाली गेटवर नवा गार्ड होता. लिफ्टमधून माझ्याबरोबर उतरलेल्या एका अंकलनी त्याला हाक मारली, "बहादुर, गेट खोल."

लक्ष्मीबाई नगरला मावशीच्या व्हरांड्यात परत आणलेले खोके रचलेले होते. बरेच तिनं बांधकामावरच्या मजुरांत वाटले होते, तरी एवढे उरले होते. दाराशी एकच पणती. शेजारी कुठल्या कुठल्या राज्यांतले, भले लोक. सगळ्यांनी काजूकतलीचे बॉक्स आणून दिले होते, फराळ कुणी आणला नव्हता. त्यांच्यात ती रीत नाही, त्यांचा काय दोष? मी डबा टेबलावर ठेवला. मावशीनं झाकण उघडलं, एक चकली मोडून तोंडात टाकली. "ताईची चकली नेहमी जरा कडकच होते," ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. भैया होते, कुठल्याशा उंचवट्यावरून, वारा अर्धे शब्द नेत होता.

"घी पहुँच गया, दीदी. सबको थोडा थोडा दिया."

"और चावल?"

"नीचे ही है. पैकेट बन रहा है बोलते हैं."

"अभी तक? तेरहवीं कब है?"

"आ गई समझो."

"तो खा क्या रहे हो आप लोग?"

"मलबे से थोडा निकला है. मिट्टी है उसमें. आमा धो-धोके पकाती है, फिर भी दाँत में आता है."

"मुझे उस ऑफिसर का नंबर दो. अभी दो."

"देता हूँ दीदी. पहले एक मिनट. आमा कुछ पूछ रही है." मागे त्यांच्या आईचा म्हातारा, खरखरीत आवाज काहीतरी बोलला. भैया जरा घुटमळले. "पूछ रही है, जिन्होंने घी भेजा, उनके घर में कौन गया है?"

"मतलब?"

"बोलती है, सब लोग नूडल भेजते हैं, बिस्कुट भेजते हैं. घी तो वही भेजेगा जिसके घर में कोई गया हो."

मी फोन मावशीकडे दिला. भैयांच्या आईनं काय विचारलंय ते तिला मराठीत सांगितलं. तिनं फोन कानाला लावला.

"सास," ती म्हणाली. मग तिचं हिंदी संपलं. "सासूबाई गेल्या हो. उन्हाळ्यात. दोन वर्षं अंथरुणाला होत्या. तुमचे यजमान झोपेत गेले म्हणे... हो ना... हो..."

पलीकडून नेपाळी ऐकू येत होतं. इकडून मराठी चाललं होतं. मध्ये भाषांतर करायला कुणी नव्हतं आणि ते कुणी मागतही नव्हतं. मी त्या अधिकाऱ्याच्या नंबरासाठी हात पुढे करून उभी होते. मावशीनं मला खुणेनंच थांब म्हणून सांगितलं. मग वारा वाढला आणि आवाज तुटला.

मावशीनं फोन टेबलावर ठेवला, पदरानं त्याची काच पुसली.

"तांदूळ पोचला का गं?"

"नाही. खाली गोदामात पडलाय."

"मातीचा भात खातायत? त्या तुपाबरोबर?"

"हो."

"मग बसलीस काय? लिही की तुझं पत्रक. आणि तिसऱ्या परिच्छेदापर्यंत थांबू नकोस या वेळी."

तिनं आपल्या यजमानांच्या टेबलावरचा कागद माझ्यासमोर सरकवला. मी पेन उघडलं. उघडा पाडायला कुणी एक माणूस सापडेना. नियम चांगला होता, गोदामवाला एकटा होता, हुकूम वरून यायचा होता, आणि तेरावा उद्यावर आला होता. मावशी समोर बसून होती. शेवटी, मला जे ठाऊक होतं तेवढंच मी वरच्या ओळीत लिहिलं: वरच्या घरांत तूप पोचलं आहे, तांदूळ अजून पोचलेला नाही.